कमळ बस्तीचे कमळ आणि खळ गेलेला कागद

मागच्या नोंदीत मी कमळ बस्ती या जैन मंदिराच्या शाई-वॉशची, म्हणजे पाण्याने पातळ केलेल्या शाईच्या चित्राची, तिसरी प्रत आठवडाभरात पूर्ण होईल असे लिहिले होते. ती प्रत काल बाजूला ठेवावी लागली. परंतु ती का बिघडली हे अखेर उमगले आहे, म्हणून ही नोंद ठरल्या वेळेआधी लिहीत आहे.

या चित्रात चूक लपवायला जागा नाही. बेळगावच्या किल्ल्यातील ही बस्ती रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने १२०४ साली उभारली, आणि तिच्या मंडपाच्या छतातून उलटे झुकलेले बहात्तर पाकळ्यांचे कमळ काळ्या दगडातले आहे. खालून पाहताना पाकळीची कड केवळ प्रकाशाच्या बारीक रेघेने कळते, त्यामुळे शाईचा वॉश त्या रेघेपाशी नेमका थांबला पाहिजे. पहिल्या दोन्ही प्रतींत तो थांबला नाही. वॉश टाकताच कागदावर गडद ठिपके उमटत आणि कड टीपकागदावर पसरावी तशी पसरत असे. मी आधी शाईला दोष दिला, मग ब्रश बदलला, मग नळाचे पाणी सोडून डिस्टिल्ड पाणी वापरले. तिसऱ्या प्रतीसाठी शाईचे प्रमाणही बदलले, आणि ठिपके पुन्हा तसेच उमटले.

उलगडा शेजारच्या काकांमुळे झाला. आम्ही बेळगावच्या वडगावात राहतो आणि त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या माग चालत आला आहे. कागदावर टाकलेला पाण्याचा थेंब क्षणात आत शिरलेला पाहून ते म्हणाले, "ह्याची खळ गेलीय बघा." ताण्याच्या सुताला खळ का देतात हे त्यांना शिकवावे लागत नाही, आणि कागदाने पाणी लगेच शोषू नये म्हणून त्याला दिलेले सायझिंग म्हणजे दुसरे काय? माझे ३०० जीएसएमचे (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचे) जाड सुती कागद गेल्या पावसाळ्यापासून भिंतीलगतच्या लाकडी कपाटात होते. जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा इतकी दमट असते की जिलेटिनच्या सायझिंगवर बुरशी धरते आणि ते जागोजागी नाहीसे होते. कोरडा कागद मात्र अगदी निर्दोष दिसतो. दोष पाणी लागल्यावरच प्रकट होतो. तेव्हा माझा आग्रह आहे की मोठे काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यावर थेंब टाकून पाहावा. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तरच पुढे जावे.

टाकून देण्याऐवजी कागदाला पुन्हा सायझिंग करायचे ठरवले. केकचे सामान मिळते त्या दुकानातले बिनचवीचे जिलेटिन पुरेसे चांगले आहे. चित्रसाहित्याच्या दुकानात तयार सायझिंगसाठी जास्त पैसे मोजण्याची गरज मला वाटत नाही. २५० मिली थंड पाण्यात ५ ग्रॅम जिलेटिन भिजवून, भांडे गरम पाण्यात ठेवून विरघळवले. ते उकळू देऊ नये, कारण उकळल्याने त्याची पकड कमी होते. पहिला थर कमी पडला, म्हणून प्रमाण साडेसात ग्रॅमवर नेले. थेंब उभा राहिला तेव्हा झालेला आनंद मी लपवणार नाही. मात्र रुंद ब्रशने लावलेले जिलेटिन संध्याकाळच्या गार हवेत ब्रशवरच गोठू लागले, आणि वाळल्यावर वॉश टाकला तेव्हा ब्रशच्या फटकाऱ्यांचे पट्टे स्पष्ट उमटले. ही तिसऱ्या प्रतीनंतरची चौथी निराशा होती.

पाव आकाराचा, म्हणजे २८ × ३८ सेंटीमीटरचा कागद कोमट द्रावणाच्या ट्रेमध्ये पूर्ण बुडवून, दोरीवर वाळवून, अखेर दोन फळ्यांमध्ये दाबल्यावर तो सर्वत्र सारखा झाला. त्यावर काढलेल्या पाच पाकळ्यांच्या कडा हव्या तिथे थांबल्या आहेत. लघुचित्रांसाठी वापरतात त्या वसली कागदासारखी पिठाची खळ देऊन अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटून पाहण्याचा विचारही मनात होता. परंतु पिठावर बुरशी आणि किडे लवकर येतात, आणि ते टाळण्यासाठी खळीत विषारी मोरचूद घालण्याची जुनी पद्धत घरात लहान मुले असताना मला नको वाटते.

मधल्या काळात खळ गेलेल्या दोन कागदांवर बेळगावजवळच्या राजहंसगड किल्ल्याची तटबंदी चारकोल आणि कावेच्या खडूने काढली. ती मनासारखी उतरली आहे. मऊ पडलेला कागद चारकोलचा मखमली काळा फार छान धरतो.

हे लिहीत असतानाच ब्रशने जिलेटिन लावलेल्या कागदावरचे ते पट्टे पुन्हा समोर घेतले आणि एक गोष्ट ध्यानात आली. जिथे जिलेटिन होते तिथे कड थांबली, जिथे नव्हते तिथे शाई खोल मुरून मऊ झाली. मग सायझिंग सर्वत्र सारखे असावे हा हट्ट या चित्रात कशासाठी? पाकळ्या जिलेटिनने बारीक ब्रशने आधी आखून घेतल्या आणि भोवतालचे छत तसेच खळ गेलेले ठेवले, तर मंडपाचा अंधार आपोआप मुरेल आणि पाकळ्या मात्र टोकदार राहतील. बुडवलेल्या कागदांवरची चौथी प्रत त्यामुळे तूर्त थांबवत आहे. रविवारी एका पट्टीवर सात पाकळ्या काढून पाहणार आहे; पारदर्शक जिलेटिन वाळल्यावर कुठे लागले ते दिसावे म्हणून त्यात पिवळ्या जलरंगाचा किंचित अंश मिसळावा का, यावर ज्यांनी प्रयोग केला असेल त्यांनी अवश्य कळवावे.