कमरेचे रिव्हॉल्व्हर

11 जुलै 1997 च्या सकाळी मुंबईत घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला, संतापलेले रहिवासी पूर्व द्रुतगती महामार्गावर उतरले आणि राज्य राखीव पोलीस दलाने केलेल्या गोळीबारात 10 जणांचा जीव गेला. मी तेव्हा मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी पोलीस उपनिरीक्षक होतो. गोळीबार करणाऱ्या तुकडीचा प्रमुखही उपनिरीक्षकच होता, हे कळल्यावर माझ्या पोटात गोळा आला. जमाव पांगवण्याचे आदेश देण्याचे जे अधिकार कायद्याने त्याला होते, तेच मलाही होते.

दुपारी वायरलेसवर सतर्कतेचा संदेश आला, पण त्यात मृतांचा आकडा नव्हता. आमच्या गावातल्या आंबेडकरी वस्तीत मात्र एसटीडी बूथवर मुंबईच्या नातेवाइकांचे फोन खणखणत होते आणि संध्याकाळपर्यंत कोणी तीस तर कोणी पन्नास मेल्याचे सांगू लागले. आमच्या ठाण्याच्या निरीक्षकांनी जिल्ह्याकडून खात्री करून घेतली आणि रात्रीच वस्तीतल्या कार्यकर्त्यांना बोलावून खरा आकडा स्वतः सांगितला. लपवलेला आकडा अफवेत दुप्पट होतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. पुढचा धोका गावातल्या पुतळ्याचा होता. तिथे रात्रभर वस्तीतली चार मुले आणि आमचे दोन शिपाई एकत्र बसले.

दुसऱ्या दिवशी बंद आणि निषेध मोर्चा होता. रायफली शस्त्रागारातच ठेवायच्या, सशस्त्र तुकडी ठाण्याच्या आवारात लोकांच्या नजरेआड थांबवायची आणि मोर्चाबरोबर वस्तीला नावाने ओळखणारे हवालदारच चालतील, असे निरीक्षकांनी ठरवले. काही सहकाऱ्यांना हा वेडेपणा वाटला. खरे सांगायचे तर मलाही भीती वाटत होती.

वस्तीच्या तोंडाशी मी जीपमधून उतरलो, तेव्हा निळा झेंडा हातात धरलेल्या एक आजी पुढे आल्या. त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हती, कमरेवर होती.

"साहेब, ह्याच्यात गोळ्या हायत का?"

रायफली ठेवल्या, पण माझे रिव्हॉल्व्हर कमरेलाच होते आणि त्यात सहा काडतुसे होती. "आहेत, आजी," मी म्हणालो. मागचा घोळका एकदम गप्प झाला. वायरलेसवर निरीक्षकांची परवानगी घेऊन मी त्यांच्यासमोरच काडतुसे काढून मोजली, रिव्हॉल्व्हर हवालदाराच्या ताब्यात दिले आणि स्टेशन डायरीत नोंद करायला सांगून जीप परत पाठवली. आजींनी मान हलवली आणि मग दुसरा प्रश्न विचारला, "ज्यानं गोळ्या घातल्या, त्याला शिक्षा व्हईल का?"

त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते, म्हणून मी दिले नाही. मोर्चा तहसील कचेरीवर गेला, निवेदन दिले गेले, एका एसटीची काच फुटली; ती फोडणाऱ्या मुलाला वस्तीतल्याच माणसांनी बाजूला नेले.

बंदोबस्ताच्या प्रशिक्षणात नव्या पोरांना मी ढाली-लाठ्यांआधी हा दिवस सांगत असे. पोलिसांच्या गोळीने माणसे मेल्यानंतर लोक रस्त्यावर येतात ते केवळ मेलेल्यांसाठी नव्हे, तर चौकशी आमचेच लोक करणार आणि प्रकरण दडपणार याची त्यांना जवळजवळ खात्री असते म्हणून. ती खात्री खोटी पाडणारी स्वतंत्र आणि वेळेत संपणारी चौकशी हाच माझ्या मते सर्वांत मोठा बंदोबस्त आहे, आणि तिथेच आपण सर्वाधिक कमी पडतो. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने तो गोळीबार असमर्थनीय ठरवला, तरी सत्र न्यायालयाने त्या उपनिरीक्षकाला जन्मठेप सुनावली ती 2009 मध्ये.

त्या दिवशी मी वस्तीत वाचनालय चालवणाऱ्या कार्यकर्त्याला फोन केला आणि आजींना निरोप द्यायला सांगितले.

"आजी गेल्या, साहेब," तो म्हणाला. "नातवाला सांगतो. मोर्चाच्या वेळी तो पाळण्यात होता, आता सातवीला आहे."