ताल दाखवणारा गोंद्री

गाण्यांचे व्हिडिओ करता करता सिनेमाकडे वळलेल्या दिग्दर्शकांचा विषय निघाला की मी हमखास मिशेल गोंद्रीवर येते. त्या वाटेने डेव्हिड फिंचर आला, स्पाइक जोन्झ आला. पण गोंद्री मुळात ड्रमर. १९६३ साली व्हर्सायला जन्मलेला हा माणूस 'वी वी' नावाच्या फ्रेंच बँडमध्ये ड्रम वाजवायचा आणि बँडचे व्हिडिओही तोच करायचा. त्यातलं काम आइसलंडची गायिका ब्यॉर्क हिच्या पाहण्यात आलं, तिने त्याला बोलावून घेतलं आणि १९९३ मध्ये तिच्या 'ह्यूमन बिहेवियर' गाण्याचा व्हिडिओ झाला.

मी एडिटिंग करते आणि लहानपणी तबला शिकले आहे. म्हणून असेल, पण त्याच्या कामात मला आधी मात्रा दिसतात, मग चित्र. डाफ्ट पंक या फ्रेंच इलेक्ट्रॉनिक संगीतकार जोडीच्या 'अराउंड द वर्ल्ड'चा (१९९७) व्हिडिओ एकदा आवाज बंद करून पाहा. पायऱ्या चढणारे-उतरणारे उंच खेळाडू म्हणजे बेस गिटार. ममी म्हणजे ड्रम मशीन, सांगाडे म्हणजे गिटार, मुली कीबोर्ड आणि गोल फिरणारे रोबो म्हणजे गाणारा आवाज. वाद्य थांबलं की तो गट थांबतो. नृत्य ब्लांका ली यांनी बसवलेलं, आणि तेही असं की गाणं न ऐकता त्याची रचना समजावी.

'स्टार गिटार' (२००२) तर मी किती वेळा फ्रेम फ्रेम पुढे सरकवत पाहिलाय. केमिकल ब्रदर्स या ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक जोडीचं गाणं, आणि पडद्यावर फक्त धावत्या रेल्वेच्या खिडकीतून दिसणारं दृश्य. खांब, पूल, इमारती मागे पळतायत. थोड्या वेळाने लक्षात येतं की खांब नेमका ठोक्यावर येतोय, आणि आवाज दाट झाला की बाहेरची वस्तीही दाट होते. हे करण्याआधी त्याने गाणं आलेखाच्या कागदावर मांडलं होतं. मग टेबलावर संत्री, काटे, पुस्तकं, ग्लास मांडून कुठल्या आवाजाला काय येणार हे ठरवलं. एकाच मार्गावर दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी चित्रीकरण केलं आणि नंतर कॉम्प्युटरवर सगळं जुळवलं. आमच्या धंद्यात 'बीटवर कट मार', म्हणजे ठोक्यावर दृश्य बदल, असं सर्रास म्हणतात. इथे कट दिसतच नाही, कटाचं काम खांब करतो! ही हिंमत मला फार मोठी वाटते.

बरं, नुसतं मोजमाप असतं तर त्याचा सिनेमा कोरडा झाला असता. 'इटर्नल सनशाइन ऑफ द स्पॉटलेस माइंड' (२००४) कोरडा अजिबात नाही. प्रेयसीच्या आठवणी डोक्यातून पुसून घेणाऱ्या जोएलची ही गोष्ट. मूळ पटकथेचं ऑस्कर चार्ली कॉफमन आणि पिएर बिस्मुथ यांच्याबरोबर गोंद्रीलाही मिळालं, तरी मला त्यातली कारागिरी जास्त भावते. जोएल झालेला जिम कॅरी लहान मूल होऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली बसतो, तो सेटच तिरक्या मापात बांधलेला. लांबचं सामान अवाढव्य, म्हणून मोठा माणूस चिमुकला दिसतो. दवाखान्यात एकाच शॉटमध्ये दोन जोएल दिसतात, तेव्हा कॅमेरा वळेपर्यंत कॅरी मागून पळत जाऊन, कपडे बदलून दुसऱ्या जागी उभा राहिलाय. त्या धावपळीतला अस्वस्थपणा पडद्यावर उतरतो. आठवण निसटत चाललेल्या माणसाची घाई ती हीच. हे धाडस व्हिडिओंनी शिकवलेलं आहे, कारण तिथे तीन-चार मिनिटांत एकच कल्पना पूर्णपणे निभवावी लागते.

मधल्या काळातला 'द ग्रीन हॉर्नेट' (२०११) हा हॉलिवूडचा मोठ्या बजेटचा सिनेमा मला त्याचा वाटत नाही. एवढ्या मोठ्या यंत्रणेत त्याचा हात दिसेनासा होतो.

'द बुक ऑफ सोल्यूशन्स' (२०२३) मात्र जरूर पाहा. अर्धवट सिनेमा घेऊन एक दिग्दर्शक आपल्या काकूच्या खेड्यातल्या घरी पळून येतो. गोंद्रीने त्यात स्वतःचेच दिवस घातलेत. एका प्रसंगात हा दिग्दर्शक ऑर्केस्ट्रासमोर उभा राहतो, हाती नोटेशन नाही, आणि नुसत्या अंगविक्षेपांनी वादकांकडून संगीत काढून घेतो. वादक आधी गोंधळतात, मग एकेक करून त्याच्या अंगाकडे बघत वाजवू लागतात. 'अराउंड द वर्ल्ड'मध्ये वाद्यं शरीरांना नाचवत होती, इथे शरीर वाद्यांना वाजवतंय. पंचवीसेक वर्षांनीही त्याचं डोकं तिथेच रमलेलं पाहून मला मनापासून आनंद झाला.