वर्डकडून गिटकडे: एका कंत्राटी लेखकाबरोबरचा माझा अनुभव

अंधेरीतील आमच्या सॉफ्टवेअर कंपनीने वापरकर्त्यांसाठीची माहितीपुस्तिका लिहिण्यासाठी एका ज्येष्ठ तांत्रिक लेखकांना कंत्राटावर घेतले, आणि त्यांना आमच्या कार्यपद्धतीची ओळख करून देण्याचे काम माझ्याकडे आले. त्यांनी आजवर वर्डमध्येच लिहिले होते; आमच्याकडे मजकूर मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या मजकुरातच मांडणीच्या खुणा घालून, लिहितात, तो गिट या बदलांचा इतिहास जपणाऱ्या प्रणालीत ठेवतात आणि प्रत्येक कामाची नोंद जिरा या कामांचा माग ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये होते.

कंत्राटावरील माणूस तासांचे बिल लावतो. शिकण्यात गेलेला वेळ कोणाच्या खाती, हे स्पष्ट नसेल तर तो शंका विचारायलाच कचरतो, आणि माझ्या मते खरी अडचण सॉफ्टवेअरपेक्षा इथेच असते. म्हणून शिकण्याचे तास बिलात धरण्याची लेखी मंजुरी मी आधीच मिळवली.

“मॅडम, मी तर कमिट केलं आहे, मग तुम्हाला दिसत का नाही?” हा त्यांचा पहिला प्रश्न अगदी रास्त होता. लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 मध्ये लिनक्सच्या प्रोग्रामरांसाठी गिट तयार केले. त्यात प्रत्येकाच्या संगणकावर कामाचा पूर्ण इतिहास असतो, त्यामुळे कमिट केलेला, म्हणजे आपल्या संगणकावरच्या इतिहासात नोंदवलेला, बदल पुश करेपर्यंत, म्हणजे सामाईक साठ्याकडे पाठवेपर्यंत, स्वतःपुरताच राहतो. बटणे दाखवण्याआधी मजकूर कुठून कुठे जातो, हे मी कागदावर काढून दाखवले आणि त्यानंतर त्यांना आज्ञा पाठ कराव्या लागल्या नाहीत.

तपासणीचा प्रश्न अधिक किचकट निघाला. गिट बदल ओळीगणिक दाखवते, आणि त्यांचा प्रत्येक परिच्छेद ही एकच लांब ओळ असल्याने एक स्वल्पविराम बदलला तरी सारा परिच्छेद बदललेला दिसे. प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर लिहिण्याचा उपाय आम्ही ठरवला. मार्कडाउनमध्ये मधली ओळ रिकामी सोडली नाही, तर छापील परिच्छेद सलगच राहतो. संपादनाची त्यांची बारीक नजर इथे उपयोगी पडली, कारण फाजील लांब वाक्ये त्यांना लगेच दिसू लागली.

जिरामध्ये प्रतिक्रिया लिहिण्याऐवजी ते फोनच करीत. डोंबिवलीहून रोज येणे शक्य नसल्याने ते बहुधा घरूनच काम करीत, म्हणून मी त्यास हरकत घेतली नाही; फोनवर ठरलेले मी लगेच त्या नोंदीखाली लिहीत असे आणि ते वाचून दुरुस्ती सुचवीत. पुढच्या आवृत्तीसाठी त्यांचे कंत्राट वाढवताना ही पद्धत आम्ही तशीच चालू ठेवली.