बेंजामिन ले यांचे १८१५ मधील चरित्र

रॉबर्ट्स वॉक्स यांनी १८१५ साली फिलाडेल्फियात प्रसिद्ध केलेले बेंजामिन ले आणि राल्फ सँडिफर्ड या अठराव्या शतकातील अमेरिकेतल्या दोन गुलामगिरीविरोधकांचे चरित्र नुकतेच वाचून झाले. ले १७५९ मध्ये वारले तेव्हा वॉक्स जन्मलेही नव्हते. म्हणून लेंना प्रत्यक्ष पाहिलेल्या वृद्धांच्या आठवणी काळाआड जाण्यापूर्वी त्यांनी टिपून ठेवल्या, आणि ही धडपडच मला पुस्तकात सर्वांत मोलाची वाटते.

इसेक्समध्ये जन्मलेले, ठेंगणे, पाठीला पोक असलेले ले खलाशी होते. बार्बाडोसमध्ये गुलामांचे हाल पाहिल्यावर त्यांनी आपल्याच क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथातील गुलाममालकांना धारेवर धरले. १७३८ मध्ये बर्लिंग्टन येथे भरलेल्या क्वेकरांच्या वार्षिक सभेत ते अंगरख्याखाली सैनिकी पोशाख व तलवार लपवून गेले, आतून पोखरलेल्या ग्रंथात लाल रसाने भरलेली पिशवी ठेवली, आणि गुलाम बाळगणाऱ्यांचा धिक्कार करीत तलवार त्या ग्रंथात खुपसली. रसाचे शिंतोडे जवळ बसलेल्यांवर उडाले. गुलामांच्या श्रमातून आलेली कोणतीही वस्तू ते वापरीत नसत.

वॉक्स या विक्षिप्तपणाबद्दल काहीशा संकोचाने लिहितात, तो संकोच मला पटत नाही: सौम्य शब्द ऐकून घेण्याची सभेची तयारीच नव्हती. गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्यांवर कारवाई करण्याचा निर्णय फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने अखेर १७५८ मध्ये घेतला, तेव्हा ले हयात होते. सँडिफर्ड यांच्या वाट्याला मात्र थोडीच पाने आली आहेत, जरी त्यांचे गुलामगिरीविरोधी पुस्तक लेंनी याच विषयावर लिहिलेल्या ग्रंथाच्या कितीतरी आधी, १७२९ मध्ये, निघाले होते.