फातोर्ड्यातले बारसे

मार्चच्या मध्याला गोव्यात जाणारा माणूस समुद्रासाठीच जातो, असा सर्वांचा पक्का समज असतो. तो मोडून काढण्याचा नाद मी निघण्यापूर्वीच सोडून दिला होता. कोल्हापूरहून आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा अशा वाटेने मी खाली उतरलो तो फातोर्ड्यासाठी. १८ मार्च २०२३ रोजी, शनिवारी संध्याकाळी, मडगावला लागून असलेल्या फातोर्ड्याच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेची अंतिम लढत होती: एटीके मोहन बागान विरुद्ध बेंगळुरू एफसी. एफसी गोवा त्या मोसमात सातव्या क्रमांकावर राहिल्यामुळे बाद फेरीतही नव्हता, त्यामुळे लग्न शेजारच्या घरी असावे तसा मडगावचा एकंदर नूर होता. ज्या लॉजवर उतरलो त्याच्या मालकाला गावात अंतिम सामना आहे याची खबर नव्हती; खोलीचे भाडे मात्र त्याने खबर असल्यासारखे लावले.

स्टेडियमबाहेरच्या गाड्यावर रस-ऑम्लेट आणि पाव खाल्ला, तो उत्तम होता. आत जाण्याची रांग, तपासणी, पाण्याची बाटली काढून घेणे आणि आत गेल्यावर तसलीच बाटली विकत घ्यायला लावणे, हे सगळे यथासांग झाले. यावर लिहिण्याचा मला कंटाळा आला आहे, कारण हा अनुभव सगळीकडे सारखाच येतो.

मला लिहायचे आहे ते माझ्या शेजारी बसलेल्या माणसाबद्दल. तो मूळचा हावड्याकडचा, गोव्यात फरशी बसवण्याचे काम करणारा, आणि त्या दिवशी अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून आलेला. अंगातली हिरव्या-मरून रंगाची जर्सी सोबतच्या कामगाराकडून मागून आणलेली होती आणि त्याला ती खांद्यांवर घट्ट होत होती. छातीवरच्या बोधचिन्हात मोहन बागानची शिडाची नाव होती. त्याच चिन्हातील 'एटीके' या अक्षरांवर मात्र त्याने जखमेवर लावतात तशी पांढरी चिकटपट्टी लावली होती. पट्टी नीट कापलेली होती, कडा सरळ होत्या, शिडाला तिचा कोठेही स्पर्श होत नव्हता. फरशीचे सांधे जुळवणाऱ्या हाताचेच ते काम होते. जर्सी परत द्यायची आहे ना, असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, "उसने भी बोला है, पट्टी रहने दो."

या तीन अक्षरांचा राग समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. मोहन बागान हा १८८९ सालचा क्लब. १९११ मध्ये, बहुतेक खेळाडू अनवाणी खेळत असताना, त्यांनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या ब्रिटिश लष्करी संघाला हरवून आयएफए शील्ड ही स्पर्धा जिंकली, आणि तेव्हापासून बंगालच्या कित्येक घरांत या क्लबचा विषय कुळाचाराइतकाच गंभीरपणे घेतला जातो. एटीकेचा जन्म २०१४ चा. सुपर लीग सुरू झाली तेव्हा स्पेनच्या अॅटलेटिको माद्रिदशी भागीदारी करून 'अॅटलेटिको द कोलकाता' हा संघ उभा राहिला. २०१७ मध्ये ती भागीदारी संपली, माद्रिदचे नाव गेले आणि मागे राहिली ती केवळ आद्याक्षरे. २०२० मध्ये उद्योगपती संजीव गोएंका यांच्या समूहाने मोहन बागानच्या फुटबॉल कंपनीतील ८० टक्के हिस्सा घेतला आणि एकशेतीस वर्षांच्या नावापुढे सहा वर्षांची ही तीन अक्षरे येऊन बसली. समर्थकांनी फलक लावले, मोर्चे काढले, समाजमाध्यमांवर 'एटीके हटवा' ही एकच मागणी वर्षानुवर्षे लावून धरली.

यातला गोव्याचा योगायोग मला फातोर्ड्यात बसल्यावरच नीट जाणवला. एटीकेने त्या सुट्या नावाने जिंकलेले शेवटचे विजेतेपद याच मैदानावरचे, १४ मार्च २०२० चे, आणि तो सामना करोनामुळे रिकाम्या स्टेडियममध्ये झाला होता. पुढचे दोन मोसमही महामारीमुळे सगळी लीग गोव्यातच, आणि २०२२ चा अंतिम सामना सोडला तर बंद दाराआड खेळली गेली. म्हणजे माझ्या शेजाऱ्याचा संघ दोन हिवाळे त्याच्या कामाच्या ठिकाणापासून काही किलोमीटरवर खेळत होता आणि त्याला आत जाता येत नव्हते. वाईट वाटले असेल, असे मी सहानुभूतीने म्हटले. त्याने मान हलवली. दार उघडे असते तरी गेलो नसतो, मोबाइलवरही पाहिले नाही, असे त्याने शांतपणे सांगितले. मग आज कसा आलास, या प्रश्नावर मात्र तो थोडा ओशाळला. फायनल होती, एवढेच म्हणाला.

सामना चांगला झाला, पण त्याचे वर्णन इतरांनी पुरेसे केले आहे. मोहन बागानच्या पेत्रातोसने पेनल्टीवर पहिला गोल केला, सुनील छेत्रीने पेनल्टीवरच बरोबरी साधली, रॉय कृष्णाने बेंगळुरूला पुढे नेले, पेत्रातोसने पुन्हा पेनल्टीवर २-२ केले, आणि शेवटी पेनल्टी शूटआउटमध्ये मोहन बागान ४-३ ने जिंकले. मोहन बागानचा गोलरक्षक विशाल कैथने बेंगळुरूच्या ब्रूनोचा फटका अडवला तेव्हा शेजाऱ्याने माझा दंड इतका घट्ट धरला की बोटांचे वळ उमटले. विजयानंतर तो नाचला, रडला नाही.

रडला तो नंतर. मैदानावर जल्लोष चालू असताना आमच्या स्टँडमधले फोन एकामागून एक वाजू लागले, माना खाली गेल्या, आणि मग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जो आवाज पसरत गेला तो विजयाच्या आवाजापेक्षा मोठा होता, हे मी अतिशयोक्ती टाळून लिहीत आहे. गोएंका यांनी जाहीर केले होते की पुढच्या मोसमापासून संघाच्या नावात एटीके असणार नाही. संघ 'मोहन बागान सुपर जायंट्स' म्हणून ओळखला जाईल. अनोळखी माणसे एकमेकांच्या गळ्यात पडली. माझा शेजारी खाली बसला, जर्सीचा गळा वर ओढून त्याने डोळे पुसले, आणि मग फोनकडे पुन्हा पाहून त्याच्या कपाळाला आठी पडली. "सुपर जायंट्स? वो तो लखनऊ का क्रिकेट है!"

मला हसू आवरले नाही, कारण महाराष्ट्रातल्या माणसाला या नावाची आधीपासून ओळख आहे. याच मालकांचा आयपीएलमधला पुण्याचा संघ २०१६ मध्ये 'रायझिंग पुणे सुपरजायंट्स' म्हणून उतरला आणि २०१७ मध्ये शेवटचे 'स' गाळून 'सुपरजायंट' झाला. त्या वर्षी तो अंतिम सामना मुंबईविरुद्ध एका धावेने हरला आणि नंतर संघही राहिला नाही, नावही राहिले नाही. मी हे शेजाऱ्याला सांगितले. तो म्हणाला, "चलेगा. ये पीछे लगा है. वो आगे लगा था."

हा भेद मला तेव्हा विनोदी वाटला आणि लॉजवरच्या त्या करकरणाऱ्या पंख्याखाली रात्रभर विचार करताना विनोदी वाटेनासा झाला. क्लबच्या नावात कंपनी आली की परंपरा बाटली, असे आपण सरसकट म्हणतो, पण ते खरे नाही. जर्मनीचा बायर लेव्हरकुसेन १९०४ मध्ये बायर कंपनीच्या कामगारांनी स्थापन केला, हॉलंडच्या पीएसव्हीच्या नावातला 'पी' फिलिप्सचा आहे, आणि त्यांच्या चाहत्यांना याची लाज वाटत नाही. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गमध्ये मात्र २००५ साली रेड बुलने क्लब घेऊन नाव आणि जांभळा रंग दोन्ही बदलले, तेव्हा जुन्या समर्थकांनी वेगळा क्लब काढून अगदी तळाच्या श्रेणीपासून सुरुवात केली. इंग्लंडमधल्या हल सिटीच्या मालकाला 'हल टायगर्स' हवे होते, म्हणे ते नाव बाजारात अधिक खपेल. २०१४ मध्ये तिथल्या फुटबॉल संघटनेने परवानगी नाकारली. फरक कंपनीचा नाही. माणसे आत राहायला आल्यावर दारावरची पाटी कोणाला न विचारता बदलली का, एवढाच तो आहे. आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम किंवा दिलबहार या फुटबॉल संघांच्या नावापुढे उद्या कोणी एखादे सिमेंट जोडून पाहावे. मी त्याला फक्त शुभेच्छा देईन.

हा सिद्धांत घेऊन मी दुसऱ्या दिवशी वास्कोला गेलो, आणि तेथे तो तपासून मिळाला. माझी थोरली मावशी वास्कोला दिलेली आहे. काका मुरगाव बंदरातून निवृत्त झाले, घरात मराठी वर्तमानपत्र येते, बोलता बोलता कोकणी केव्हा सुरू होते ते त्यांना कळत नाही, आणि ते साळगावकर फुटबॉल क्लबचे आहेत. 'समर्थक' हा शब्द त्यांना चालत नाही. आपण साळगावकरचे, असेच ते म्हणतात.

गोव्याची गंमत अशी की येथील फुटबॉलची परंपराच आडनावांची आहे. साळगावकर, धेंपो: खाणमालकांची आणि व्यावसायिक घराण्यांची नावे छातीवर घेऊन येथील पोरांनी देशाची मैदाने गाजवली. साळगावकर १९५६ चा. धेंपोने राष्ट्रीय लीग आणि तिच्या जागी आलेली आय-लीग मिळून पाच विजेतेपदे घेतली. आज अशी नावे कोणी ठेवली तर आपण त्यांना ब्रँडिंग म्हणून हिणवू, असे मी मुद्दाम म्हणालो. काकांनी हुमणात भात कालवणे थांबवले नाही.

"आडनाव होते, पण ते त्यांचे स्वतःचे होते," ते म्हणाले. "ते बदलणार कसे? दर पाच वर्षांनी माणूस आडनाव बदलतो काय रे?"

मला हे उत्तर माझ्या सिद्धांताच्या बाजूचे वाटले आणि मी खूश झालो. मावशीने मात्र किसमूर वाढताना सांगितले की हे एफसी गोवाच्या सामन्याला एकदाच गेले आणि मध्यंतरात परत आले. काकांना ते आठवण करून दिलेले आवडले नाही. २०१४ मध्ये एफसी गोवा स्थापन झाला तेव्हा त्याच्या मालकांत धेंपो आणि साळगावकर या दोन्ही घराण्यांतली माणसे होती. ज्यांच्यात जन्माचे वैर असायला हवे ते एका बाकावर बसले आणि गव्याचे चिन्ह घेतले. नाव साऱ्या गोव्याचे, यापेक्षा चांगले नाव काय असू शकते, असे मी विचारले. काका म्हणाले, गोव्याच्या नावाने ओरडायचे तर ते राज्यांच्या संघांच्या संतोष ट्रॉफीत ओरडतो. क्लबच्या नावाने ओरडताना पलीकडे कोणीतरी गोवेकरच पाहिजे, नाहीतर मजा काय?

संध्याकाळी ते मला टिळक मैदानावर घेऊन गेले. वास्कोतली ही जागा पाहण्यासारखी आहे असे मी कोणाला सांगणार नाही. बाहेर वाहनांची कोंडी, उकाडा, आणि बंदराकडून येणारी धूळ. आत मुले सराव करीत होती. एकाच्या अंगात एफसी गोवाची नारिंगी जर्सी, दोघांच्या अंगात बार्सिलोना, एकाच्या अंगात पोर्तुगाल. हिरवा रंग कोठेच नव्हता. काकांनीही तो शोधलेला मी पाहिला.

२०१६ मध्ये साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिन्ही क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. सुपर लीग वर आणि आय-लीग तिच्याखाली, ही नवी रचना त्यांना मान्य नव्हती. साळगावकरचे नाव गोव्याच्या स्थानिक लीगमध्ये राहिले, कोणी ते बदलले नाही, त्यापुढे कोणी अक्षरे जोडली नाहीत. देशपातळीवर मात्र ते दिसेनासे झाले.

म्हणून तर मी म्हणतो, काका कठड्यावर टेकून म्हणाले, उद्या नाव वाटेल ते ठेवा. बिस्किटाचे ठेवा, बनियनचे ठेवा. मी तिकीट काढून येईन, पण संघ उतरवा.

हे मला पटले नाही. आदल्या रात्रीच्या त्या फरशीवाल्याची सगळी हकिकत मी त्यांना सांगितली: चिकटपट्टी, बंद दारे, न पाहिलेले सामने. नावासाठी माणूस इतका हट्ट धरतो आणि त्या हट्टापुढे शेवटी मालकाला नमावे लागते, मग नाव क्षुल्लक कसे, असा माझा मुद्दा होता, आणि तो मी जरा जोरातच मांडला.

"त्याला रुसता आले," काका म्हणाले, "कारण रुसायला संघ होता."

यावर काय बोलावे ते मला सुचण्याआधीच ते २०११ कडे वळले होते. त्या वर्षी साळगावकरने आय-लीग आणि फेडरेशन कप दोन्ही जिंकले, प्रशिक्षक मोरोक्कोचे करीम बेंचरिफा होते, आणि काकांच्या मते बंदरातल्या अर्ध्या लोकांनी त्या मोसमात खोट्या आजारपणाच्या रजा टाकल्या होत्या. स्वतः त्यांनी कोणता आजार लिहिला होता, ते मावशीसमोर सांगायचे नाही, असे त्यांनी मला बजावले आहे.