वॉलमार्टचं 25 डॉलरचं इन्सुलिन आणि बाकीचा हिशोब

दर उन्हाळ्यात आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. आई-बाबा आलेत, मुक्काम वाढलाय, इन्सुलिन संपत आलंय, इथे प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळतं का? मग खाली दहा जण दहा उत्तरं देतात. कोणी म्हणतं अर्जंट केअरला न्या, कोणी म्हणतं इंडियातून कुरिअर मागवा (अजिबात मागवू नका, टेक्सासच्या जुलैत दुपारभर पोर्चवर पडलेल्या इन्सुलिनवर कोण भरवसा ठेवणार), आणि एखादा शहाणा हटकून लिहितो की अमेरिकेत इन्सुलिन तीनशे डॉलरला बाटली आहे, किडनी विका. आमच्या घरात दोन इन्सुलिनवाले आहेत. नवऱ्याला शाळेत असल्यापासून टाइप 1, आणि सासूबाईंना टाइप 2, त्या सांगलीहून अधूनमधून येऊन राहतात. त्यामुळे हा विषय मला नाइलाजाने पाठ झालाय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते, पुढच्या वेळी ग्रुपवर लिंक टाकली की काम झालं.

तर आधी सरळ उत्तर. हो, मिळतं. वॉलमार्टच्या फार्मसीत रेलिऑन नावाच्या त्यांच्या स्वतःच्या ब्रँडचं ह्युमन, म्हणजे जुन्या पद्धतीचं, इन्सुलिन साधारण 25 डॉलरला मिळतं, दहा मिलीची बाटली. तीन प्रकार असतात, आर (जेवणाआधीचं, लवकर चालणारं), एन (हळू, बराच वेळ चालणारं) आणि 70/30 (दोन्हींचं मिश्रण). इंडियाना सोडलं तर जवळपास कुठेच प्रिस्क्रिप्शन मागत नाहीत. शेल्फवर दिसणार नाही, फ्रिजमध्ये आत ठेवलेलं असतं, काउंटरवर जाऊन मागायचं. आणि दुपारी दीड ते दोन जाऊ नका, तेव्हा त्यांची फार्मसी जेवायला बंद असते.

मागच्या वेळी जाऊबाईंचं बाळंतपण, मग बाळाचं बारसं, असं करत करत सासूबाईंचं परतीचं तिकीट पुढे गेलं आणि आणलेल्या बाटल्या पुरेनात. व्हिजिटर इन्शुरन्स आधीपासूनच्या डायबेटिसच्या रोजच्या औषधाला काही कामाचा नसतो, हे तुम्हाला माहीतच असेल. त्या तिकडे ह्युमन मिक्स्टार्ड 30/70 घेतात. इथे त्याच मिश्रणाला 70/30 म्हणतात, आकडे फक्त उलटे. दोन्ही नोव्हो नॉर्डिस्क या औषध कंपनीचंच, आणि वॉलमार्टच्या बाटलीवर रेलिऑनच्या शेजारी नोव्होलिन असं लिहिलेलंही असतं. सांगलीच्या डॉक्टरांना बाटलीचा फोटो पाठवला, त्यांचा होकार आला, विषय संपला असं वाटत होतं.

पण संपत नाही, आणि आता जे लिहितेय ते नीट वाचा, बाकी पोस्ट नाही वाचली तरी चालेल. आपल्याकडच्या बाटलीत एका मिलीत 40 युनिट असतात, इथल्या बाटलीत 100. आपल्याकडची लाल टोपीची सिरिंज 40 साठी बनवलेली आहे, इथली केशरी टोपीची 100 साठी. सासूबाईंनी सवयीने बॅगेतली लाल सिरिंज काढून इथल्या बाटलीत घातली आणि 20 च्या रेघेपर्यंत औषध ओढलं तर ते अर्धा मिली होतं, म्हणजे 20 नाही, 50 युनिट. अडीचपट डोस! एखाद्या सत्तरीच्या बाईची शुगर रात्री किती खाली जाईल कल्पना करा. म्हणून इथली बाटली घेतली की इथल्याच सिरिंजा घ्यायच्या, तिथेच स्वस्तात मिळतात, आणि लाल टोपीवाल्या घरातून उचलून टाकायच्या, "राहू दे गं, होतील उपयोगाला" असं कोणी कितीही म्हटलं तरी. युनिटचा आकडा तोच राहतो, फक्त सिरिंज बदलते. (पेनवाल्यांना ही भानगड नाही, पेनचं कार्ट्रिज आपल्याकडेही 100 चंच असतं.)

बिल बघून सासूबाई म्हणाल्या, "पंचवीस डॉलर म्हंजे दोन हजाराच्या वर झालं की गं, आपल्याकडं दीडशेला मिळत्या ही बाटली." त्यावर नवरा जोरात हसला. कारण त्याला आठवलं तो ज्या बाटलीसाठी जानेवारीत काउंटरवर उभा राहायचा तिची किंमत.

आता तो हिशोब. नवरा घेतो ते वेगळं, थोडा बदल करून बनवलेलं नव्या पद्धतीचं इन्सुलिन, ज्याला ॲनालॉग म्हणतात. जेवणाआधीचं नोव्होलॉग आणि दिवसभराचं लँटस. नोव्होलॉगच्या एका बाटलीची कंपनीने छापलेली किंमत काही वर्षांपूर्वी 289 डॉलर होती. एली लिलीचं ह्युमॅलॉग 1996 ला बाजारात आलं तेव्हा 21 डॉलरला होतं, 2019 पर्यंत तेच 275 च्या घरात गेलं. औषध तेच बरं का, आत काहीही नवीन नाही. आणि गंमत म्हणजे टोरंटोत इन्सुलिन शोधणाऱ्यांनी 1923 मध्ये पेटंट युनिव्हर्सिटीला माणशी एक डॉलरला देऊन टाकलं होतं. रँड या संशोधन संस्थेने 2018 च्या किमती काढल्या तेव्हा अमेरिकेत एका बाटलीची सरासरी 98.70 डॉलर आणि बाकी 32 श्रीमंत-मध्यम देशांत मिळून 8.81 डॉलर निघाली.

इथे राहणाऱ्यांना वाटतं की आपल्याला इन्शुरन्स आहे, आपल्याला काय त्याचं. मलाही लग्न होऊन आले तेव्हा तसंच वाटायचं. पण आयटीतल्या बऱ्याच लोकांकडे असतो तो हाय डिडक्टिबलवाला प्लॅन, ज्यात सुरुवातीचे काही हजार आपल्या खिशातून जाईपर्यंत इन्शुरन्स हात वर करून बसतो. डिडक्टिबल जानेवारीत परत शून्यापासून सुरू. म्हणजे न्यू इयरच्या शुभेच्छा संपल्या की पहिलं रिफिल पूर्ण छापील किमतीला. टेक्सासमध्ये को-पे, म्हणजे पेशंटने भरायची रक्कम, 25 डॉलरच्या वर जाऊ नये असा कायदा आहे, पण मोठ्या कंपन्या स्वतःच्या पैशाने प्लॅन चालवतात त्यांना राज्याचा कायदा लागूच होत नाही. हे आम्हाला फोनवर ऐकवलं गेलं, अत्यंत गोड आवाजात.

आणि आम्ही तर पगारदार. मिनियापोलिसचा ॲलेक स्मिथ 26 वर्षांचा झाला, आईच्या इन्शुरन्समधून वयामुळे बाहेर पडला, औषध आणि बाकी सामान मिळून महिन्याला 1300 डॉलरच्या आसपास सांगितलं गेलं, तो पुरवून पुरवून घेत राहिला आणि महिन्याभराच्या आत जून 2017 मध्ये गेला. त्याच्या नावाने मिनेसोटाने 2020 मध्ये कायदा केला. असं पुरवून घेणारे थोडेथोडके नाहीत, येलच्या डायबेटिस सेंटरमधल्या पाहणीत चारातला एक पेशंट पैशापायी कमी डोस घेत होता. 2019 मध्ये सिनेटर बर्नी सँडर्स तर पेशंट घेऊन डेट्रॉइटहून बॉर्डर ओलांडून कॅनडातल्या विंडसरला इन्सुलिन आणायला गेले होते.

मग इतकं महाग का होतं? कंपन्या बोट दाखवतात मधल्या लोकांकडे. इथे इन्शुरन्स आणि औषध कंपनीच्या मध्ये पीबीएम नावाचे अडते बसलेत, मार्केट यार्डातले असतात तसेच, माल त्यांच्या गाळ्यातूनच जायचा. सीव्हीएस केअरमार्क, एक्सप्रेस स्क्रिप्ट्स आणि ऑप्टमआरएक्स, देशातली ऐंशी टक्के प्रिस्क्रिप्शनं या तिघांच्या हातात. कुठलं औषध यादीत ठेवायचं ते हे ठरवतात आणि त्या बदल्यात कंपनीकडून रिबेट, म्हणजे किमतीतला काही भाग परत, घेतात, छापील किंमत जितकी जास्त तितका रिबेट जास्त, मग किंमत खाली आणायची कोणाला पडलीय? कंपनीच्या हातात खरे पैसे त्यातले थोडेच पडतात म्हणे, पण डिडक्टिबलमध्ये अडकलेला किंवा इन्शुरन्सच नसलेला माणूस मात्र पूर्ण छापील किंमत मोजतो. पीबीएम उलट म्हणतात की किंमत कंपनीच ठरवते. 2024 मध्ये एफटीसीने, म्हणजे बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, या तिघांवर केस केली. माझं मत विचाराल तर दोघेही खरं बोलतात, एकमेकांबद्दल.

वॉलमार्ट इथे महत्त्वाचं ठरतं. ते काही धर्मादाय दवाखाना नाहीत, 2006 मध्ये त्यांनी फ्लोरिडात टँपापासून चार डॉलरची जेनेरिक औषधं सुरू केली (मेटफॉर्मिन त्या यादीत आहे) तीसुद्धा औषध घ्यायला आलेला माणूस जाताना दूध आणि टीव्ही घेऊन जातो म्हणून. पण जून 2021 मध्ये त्यांनी रेलिऑन नोव्होलॉग काढलं. बाटली 72.88 डॉलर, पाच पेनचा डबा 85.88. हे नोव्हो नॉर्डिस्कनेच बनवलेलं, आत तेच नोव्होलॉग, फक्त लेबलवर रेलिऑन. प्रिस्क्रिप्शन लागतं, इन्शुरन्स दाखवायची गरज नाही. म्हणजे एकाच कंपनीचं एकच औषध, एका काउंटरवर 289 आणि दुसऱ्यावर 73! आमच्या घरी ती बातमी वाचून आनंद व्हायच्या आधी राग आला. 73 ला विकणं परवडत होतं ना? मग इतकी वर्षं काय चाललं होतं?

आणि पुढचं बघा. मार्च 2023 मध्ये पंधरा-सोळा दिवसांत इन्सुलिनच्या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी ओळीने किमती कमी केल्याचं जाहीर केलं. लिलीने 70 टक्के, नोव्होने नोव्होलॉग 75 टक्के, सनोफीने लँटस 78 टक्के. नोव्होलॉगच्या बाटलीची नवीन किंमत जानेवारी 2024 पासून किती ठेवली? 72.34. वॉलमार्टपेक्षा चोपन्न सेंट कमी. पत्रकात पेशंटची काळजी वगैरे होतं, पण जानेवारी 2024 पासूनच मेडिकेडला, म्हणजे गरिबांच्या सरकारी विम्याला, द्यायच्या रिबेटवरची मर्यादा उठणार होती, म्हणजे ज्यांनी वर्षानुवर्षं किमती वाढवल्या त्यांना काही औषधांवर किमतीपेक्षाही जास्त रिबेट सरकारला द्यावा लागला असता. त्याआधी ऑगस्ट 2022 मध्ये मेडिकेअर या सरकारी विम्यावरच्या ज्येष्ठांसाठी महिन्याला 35 डॉलरची मर्यादा कायद्याने आली होती, ती 2023 पासून लागू झाली. कोणाला अचानक पाझर फुटला असं समजू नका.

आता एक गोष्ट, जी ते "25 डॉलरला मिळतं की, रडता कशाला" म्हणणाऱ्यांना कळत नाही. 25 डॉलरवालं आणि 73 डॉलरवालं ही एकाच औषधाची स्वस्त-महाग रूपं नाहीत. नवरा शाळेत असताना आर आणि एनच घ्यायचा, त्याला अजून आठवतं. इंजेक्शन घेऊन अर्धा तास थांबायचं, पोह्यांची डिश समोर आली तरी हात लावायचा नाही, आणि मग अकराला भूक असो नसो काहीतरी खायचंच, कारण एनचा जोर दुपारकडे चढतो. मधल्या सुट्टीत मॅच रंगली आणि डबा राहिला की वर्गात घाम फुटायचा. रात्रीच्या डोसचा जोर तर पहाटे झोपेत चढतो. एन गढूळ असतं, तळहातावर फिरवून एकसारखं करून घ्यावं लागतं. लँटस दिवसभर बऱ्यापैकी सपाट चालतं, नोव्होलॉग पाच-दहा मिनिटं आधी घेतलं तरी भागतं. ॲनालॉगवरून ह्युमनवर यायचं तर सगळं वेळापत्रक बदलतं, डोस बदलतात, ते डॉक्टरशिवाय स्वतःच्या मनाने करायचं नसतं. व्हर्जिनियातल्या 27 वर्षांच्या एका टाइप 1 मुलाची बातमी 2019 मध्ये आली होती, इन्शुरन्स गेल्यावर तो 25 डॉलरवाल्यावर आला आणि वाचला नाही. त्यात दोष औषधाचा नाही, लाखो लोक आयुष्यभर तेच घेतात, सासूबाई घेतातच आणि त्यांचा एचबीए1सी, म्हणजे तीनेक महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, नवऱ्यापेक्षा बरा आहे (हे त्या दर जेवणाला सांगतात). पण कोणी सांगायलाच नसेल तर बाटली स्वस्त असून काय उपयोग.

ह्याच्यापुढचं पाऊल कॅलिफोर्नियाने टाकलंय. राज्य सरकारने स्वतःच्या कॅलआरएक्स नावाखाली सिव्हिका या ना-नफा संस्थेबरोबर ग्लार्जिनचे पेन आणले, म्हणजे लँटसच्या जातीचं इन्सुलिन, 1 जानेवारी 2026 पासून पाच पेनचा डबा 55 डॉलर, पेनला 11. आणि ते पुरवतं कोण, तर आपली बेंगळुरूची बायोकॉन. नवऱ्याच्या सांगलीच्या मित्राने हे ऐकून लगेच कॉलर ताठ केली.

आत्ता आमच्या घरी काय चालू आहे ते सांगते. तिन्ही कंपन्यांच्या 35 डॉलर महिन्याच्या स्कीम आहेत, कंपनीच्या साइटवरून कार्ड काढायचं, अटी प्रत्येकाच्या वेगळ्या आहेत, त्या वाचून घ्या. काउंटरवरची मुलगी आपणहून कधीच सांगत नाही, तिलाही मागे लाइन लागलेली असते. आपण विचारायचं, इन्शुरन्समधून किती, कंपनीच्या कार्डावर किती, रोख किती, आणि तिन्ही आकडे आल्याशिवाय कार्ड स्वाइप करायचं नाही. एक लक्षात ठेवा, इन्शुरन्स न लावता घेतलं तर ते पैसे बहुतेक वेळा डिडक्टिबलमध्ये धरत नाहीत, त्यामुळे ज्यांचे इतर खर्च मोठे आहेत त्यांनी जानेवारीतच वर्षाचा अंदाज बांधून ठरवा. आणि ज्यांचे आई-बाबा येणार आहेत त्यांनी तिकडच्या डॉक्टरांकडून इन्सुलिनचं जेनेरिक नाव, युनिट आणि वेळ इंग्लिशमध्ये लिहून आणायला सांगा, बाटल्या चेक-इन बॅगेत नको, हातातल्या पर्समध्ये.