टॅबलेट असताना ती चकती कशाला?

"सर, टॅबलेटवर सगळं आयतं येतं, मग ही चकती कशाला फिरवायची?" जळगावात माझ्याकडे विमानाचं नेव्हिगेशन, म्हणजे वाट आणि वेळ काढायचं तंत्र, शिकायला येणारी मुलं पहिल्याच आठवड्यात हे विचारतात. परवा एका मुलाच्या वडिलांनी विचारलं. रावेरकडचे केळीवाले शेतकरी. "भाऊ, पोरगं रात्री दोन-दोन तास ते गोल फिरवत बसतं. त्याचा खरंच उपयोग होतो का?" त्यांनी विचारलं म्हणून नीट सांगतो.

वैमानिकांच्या हिशेबाच्या त्या चकतीचं नाव ई-६बी. अमेरिकेच्या फिलिप डाल्टन यांनी १९३० च्या दशकात ती घडवली. एका बाजूला गोल स्लाइड रूल, म्हणजे आकडे समोरासमोर फिरवून गुणाकार-भागाकार करायची पट्टी, दुसऱ्या बाजूला वाऱ्याचा हिशेब. बॅटरी नाही.

जळगावहून धुळ्याच्या गोंदूर धावपट्टीकडे जायचंय असं धरा. सरळ रेषेत साधारण ५० सागरी मैल, दिशा २७० अंश, म्हणजे पश्चिम. विमानाचा हवेतला वेग १०० नॉट, म्हणजे तासाला १०० सागरी मैल, वारा २४० कडून, म्हणजे नैर्ऋत्येकडून, २० नॉट. चकती २४० वर आणून मधल्या छिद्रापासून वर २० वर पेन्सिलीचा ठिपका द्यायचा. मग २७० वर फिरवायची. ठिपका डावीकडे सरकतो. तो १०० च्या कमानीवर येईपर्यंत पट्टी सरकवली की छिद्राखाली जमिनीवरचा वेग दिसतो: ८२. नाक सहा अंश डावीकडे, २६४ वर. आता मागच्या बाजूला ६० चा बाण ८२ समोर धरला की ५० मैलांसमोर साडेछत्तीस मिनिटं. परत येताना वेग ११७ आणि वेळ पावणेसव्वीस मिनिटं. वारा नसता तर दोन्हीकडे तीस-तीस मिनिटं लागली असती. म्हणजे वाऱ्याने जाताना साडेसहा मिनिटं खाल्ली आणि येताना सव्वाचारच परत दिली. हे मुलं स्वतःच्या हाताने सोडवतात तेव्हा मला हमखास थांबावंसं वाटतं.

शिकत असताना मी एकदा याच हिशेबात कॅल्क्युलेटरवर वाऱ्याची दिशा उलटी भरली, म्हणजे वारा कुठून येतो त्याऐवजी कुठे जातो ते. नाकाच्या दिशेचं उत्तर आलं २७६ आणि मी ते खुशाल वहीत उतरवलं. आकडा दिसायला अगदी बरोबर होता. चकतीवर ठिपका उजवीकडे गेला असता आणि नैर्ऋत्येचा वारा उजवीकडून कसा, असं तिथेच खटकलं असतं.

आणखी एक. चकती दशांश चिन्ह सांगत नाही. १९५ दिसलं तर ते १९.५ लिटर की १९५, हे आपणच ठरवायचं. त्यामुळे आधी मनात अंदाज बांधावाच लागतो. विमान तासाला ३२ लिटर पितं, छत्तीस मिनिटं म्हणजे अर्ध्या तासाहून थोडं जास्त, मग वीसच्या आसपास. हा अंदाज ज्याला लागतो, त्याला टाकीबद्दल चुकीचा आकडा कोणी खपवू शकत नाही.

वर गेल्यावर खरी मजा. गिरणा ओलांडली की एरंडोल डाव्या हाताला बाराव्या मिनिटाला यायला हवं. चौदाव्याला आलं तर? वेग ७० वर आलाय, धुळ्याला सहा मिनिटं जास्त लागणार, इंधन सव्वातीन लिटर जास्त. एका हाताने, नजर बाहेर ठेवून हे काढता आलं पाहिजे, म्हणून रात्रीचे दोन तास.

मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, तेव्हा त्याच चकतीच्या खिडकीत १००० फुटांच्या दाब-उंचीसमोर, म्हणजे हवेच्या दाबावरून मोजलेल्या उंचीसमोर, ४५ अंश लावून पाहा. घनता-उंची, म्हणजे हवेच्या विरळपणावरून विमानाला जाणवणारी उंची, साडेचार हजार फुटांच्या घरात येते. धावपट्टी तिथेच असते, पण इंजिन आणि पंख डोंगरावर असल्यासारखे वागतात. पोरं ते बघून गप्प होतात आणि मग सकाळी सहाचं उड्डाण मागतात.

त्या काकांच्या हातात मी चकती दिली. "ट्रॅक्टर तासाला पाच लिटर पितो, चौऱ्याऐंशी मिनिटं चालला, तर?" ६० चा बाण ५० वर आणेपर्यंत ते म्हणाले, "सात." चौऱ्याऐंशीसमोर बघितलं. सत्तर होतं. "म्हणजे सातच," ते म्हणाले आणि चकती पोराच्या हातात दिली.